भरल्या पिंपाचे ठोके

१

गार्झेनांच्या तळघरातलं सगळ्यात मोठं पिंप धुवायचं तर माणसाला आत जावं लागतं. पिंपाच्या पोटाशी, गुडघाभर उंचीवर एक दार असतं. दार आपलं म्हणायचं म्हणून, मोठासा भोपळासुद्धा त्यातून धड जाणार नाही. आधी एक हात, मग डोकं, मग तिरपा करून एक खांदा आणि मग उरलेला माणूस, असं आत शिरायचं. आत ओणवं बसून ब्रशने लाकूड घासायचं, भिंतींना धरलेले वाइनचे खडे खरवडून काढायचे आणि सगळं पटापट उरकायचं, कारण आतली हवा चांगली नसते. पिंप रिकामं झालं तरी त्यात वाइनचा वास कोंडून राहतो आणि तो माणसाला हसत हसत झोपवतो. इटलीतल्या लांगेच्या टेकड्यांमध्ये असा झोपलेला एखादा पूर्वज प्रत्येक गावात असतोच. त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

म्हणून रीत अशी, की आतल्याने अधूनमधून लाकडावर दोन ठोके द्यायचे आणि बाहेर बसलेल्याने एका ठोक्याने उत्तर द्यायचं. दोन म्हणजे मी आहे. एक म्हणजे मीही आहे. ठोके भराभर आले तर हातातलं टाकून ओढून काढायचं. बाहेरच्याने घराला आग लागली तरी जागा सोडायची नाही. काम झालं की आतला हात बाहेर काढतो, बाहेरचा मनगट धरून ओढतो, आणि दार लावायच्या आधी स्वतःचं डोकं आत घालून, टॉर्च फिरवून, आतल्याच्या नावाने एक हाक मारतो. ज्याला ओढून काढलं तो शेजारी खोकत उभा असताना रिकाम्या पिंपात त्याच्या नावाने हाक मारायची, यावर पाहुण्यांना हसू येतं. नीवेस गार्झेनालाही लहानपणी यायचं, तेव्हा तिच्या वडिलांनी सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत दिली होती.

आता वडील नव्हते. घरात पन्नाशीला टेकलेली नीवेस, तिचा थोरला भाऊ एल्विओ आणि आई तेर्सिला, अशी तिघंच. एल्विओची बायको फार पूर्वीच तुरीनला निघून गेली होती आणि नीवेसने लग्नाच्या खटाटोपात पाऊलच टाकलं नव्हतं. आईचं डोकं हल्ली धुक्यातल्या टेकडीसारखं झालं होतं, मधूनच दिसायचं, मधूनच नाही. मळा लहान, पण उताराची जागा अशी नामी, की गार्झेनांच्या बारोलो वाइनसाठी लोक कुठून कुठून नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचे. नाव मोठं आणि राबणारे दोघंच, असा सगळा मामला होता.

२

मार्च महिन्यातल्या ज्या सकाळी पिंप धुवायचं होतं, त्याच सकाळी दोघांचं भांडण झालं. नवं काही नव्हतं. एका मोठ्या कंपनीला हा उतार हवा होता. एल्विओला तो देऊन मोकळं व्हायचं होतं आणि आईला आल्बा शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवायचं होतं. नीवेसला दोन्ही नको होतं. सही दोघांची लागत होती, म्हणून दोघं एकमेकांच्या मानगुटीवर बसून दिवस काढत होते.

"तुझ्या हट्टापायी मी काय कुबड येईपर्यंत पिंपं घासत बसू?" शर्टाच्या बाह्या सारत एल्विओ म्हणाला.

"नको घासूस. मी जाते आत."

"तू? त्या दारातून तुझा एक पाय जाईल, आणि तोही अडकेल."

तो खरंच तिच्याहून सडपातळ होता, पण खांद्यांनी रुंद. आत जाताना जमायचं, बाहेर येताना खांदा अडकायचाच. ओढल्याशिवाय तो कधी निघाला नव्हता आणि ओढताना दर वेळी शिव्या घालायचा. तो आत गेला. ब्रशचा आवाज सुरू झाला. तो घासताना नाकातल्या नाकात एक चाल गुणगुणायचा, तीही सुरू झाली. दोन ठोके आले, नीवेसने एक दिला.

तेवढ्यात वर अंगणात ट्रकचा भोंगा वाजला. रिकाम्या बाटल्या घेऊन आलेला ड्रायव्हर नवखा होता आणि मागे घेता घेता थेट आईच्या खिडकीखालच्या भिंतीवर येत होता, हे तिला पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन दिसलं. तिने ओरडून त्याला थांबवलं. थांबवल्यावर लगेच परतायला हवं होतं. पण डोक्यात राग होता, आणि खाली ज्याचं तोंड बघायची इच्छा नाही त्याच्या ठोक्याला उत्तर द्यायला पळत जायचं तिच्या जिवावर आलं. तिने खोकी मोजून घेतली, ड्रायव्हरला पाणी दिलं, पावसापाण्याचंही बोलून झालं.

ती खाली आली तेव्हा एल्विओ पालथ्या क्रेटवर बसून फडक्याला हात पुसत होता. पिंपाचं दार उघडं होतं.

"निघालास?"

"निघालो."

"एकटा?"

"हो," तो म्हणाला.

जागा सोडल्याबद्दल त्याने शिव्या घालायला हव्या होत्या, आणि शिव्यांच्या बाबतीत तो उधारी ठेवणारा नव्हता. पण तो बोटं पुसत राहिला. तिला वाटलं, फुगलाय. मग तीही फुगली. तिने डोकं आत घातलं नाही, टॉर्च फिरवली नाही, हाक तर मारलीच नाही. समोर बसलेल्या, सकाळी पायाच्या जाडीवर बोलणाऱ्या माणसाला कशाला हाका मारायच्या? तिने दार बसवलं, आडवी पट्टी लावली आणि स्क्रू गच्च आवळला. दुपारी पंप लावून पिंप काठोकाठ भरलं.

३

लाकूड वाइन पितं. कितीही भरलं तरी आठवडाभरात पिंपातली पातळी थोडी उतरते, आणि मोकळ्या जागेत हवा शिरली की वाइन आंबते. म्हणून दर शुक्रवारी शिडीवर चढून, वरचं बूच काढून भर घालावी लागते. हे काम नीवेसचं.

त्या शुक्रवारी ती शिडीवर होती. एका हातात केटली, कानाशी लाकूड. पायांच्या बाजूने दोन ठोके आले. तिने मोकळ्या हाताची मूठ करून एक ठोका दिला आणि वाइन ओतत राहिली. ओतून झालं, बूच बसवलं, शिडीच्या दोन पायऱ्या उतरली, आणि मग तिच्या लक्षात आलं की पिंप भरलेलं आहे.

ती तिथेच उभी राहिली. काही ऐकू आलं नाही. तळघरात कुठे ना कुठे काहीतरी वाजतच असतं. नळ ठोठावतात, ओलं लाकूड फुगताना कुरकुरतं, नव्या वाइनमधून वायू सुटतो, वरच्या मजल्यावर आई काठी आपटते. यातलं एखादं कारण धरलं असतं तर पुरलं असतं. नीवेसने चारही धरली. कारणं चार झाली की त्यातलं खरं एकही नसतं, हे तिलाही कळत होतं.

पुढच्या शुक्रवारी ती तयारीने गेली. नळ बंद केले, आईला अंथरुणावर निजवून आली. दोन ठोके आले. तिने हात मागे घेतला आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरवून शिडीला धरून बसली. थोड्या वेळाने पुन्हा दोन आले. मग पुन्हा. मग मध्ये जागाच न सोडता येऊ लागले, भराभर, वरून खाली, एका बाजूकडून दुसरीकडे, जसा आत कोंडलेला माणूस दार कुठे आहे ते चाचपत फिरतो. नीवेस घाबरली. तिने मूठ उचलून एक ठोका दिला, आणि ते थांबलं.

त्या दिवसापासून ती दर वेळी उत्तर देऊ लागली.

४

वर मात्र सगळं बरं चाललं होतं. इतकं बरं, की गावातल्या बायका विचारू लागल्या, एल्विओला कुणी बाई मिळाली की काय.

तो सकाळी लवकर उठायचा. आईचे केस विंचरायचा, तिला खिडकीशी बसवायचा, तिच्या तोंडात घास घालायचा आणि घास सांडला तर पुसायचा. पूर्वी हाच माणूस ताट आपटून उठून जायचा. मळ्यात वेलींची छाटणी करताना तो नीवेसच्या पुढे असायचा आणि दिवसभर कुरकुरायचा नाही. वृद्धाश्रमाचं नाव पुन्हा निघालं नाही. कंपनीचा माणूस आला, तेव्हा एल्विओने त्याला बसवलं, कॉफी दिली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नीवेस म्हणेल तसं." नीवेस नाही म्हणाली. माणूस गेला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तसं झालं, आणि नीवेसला खरोखर आनंद झाला. त्या रात्री ती कित्येक महिन्यांनी गाढ झोपली.

खटकण्यासारखं म्हणाल तर थोडंच. त्याची ती गुणगुण बंद झाली होती. जेवताना ग्लासातली वाइन तो ओठांना लावायचा, पण ती कमी होत नसे. आणि तळघरात तो उतरत नव्हता. पायऱ्या सगळ्या उतरायचा, शेवटची सोडून. तिथे उभा राहून काय हवं नको ते विचारायचा, ओझं असेल तर हात पुढे करून वरच्या वर घ्यायचा. त्या दिवशी आत जीव घुसमटला असेल, धास्ती बसली असेल, असं नीवेसने मनाशी म्हटलं. धास्तीने माणसं सुधारल्याची उदाहरणं आहेत. तिला स्वतःला कुणी आठवेना, पण असतील.

एकदा दुपारी तो आईला सूप भरवून भांडी घेऊन गेला. आईने नीवेसला खुणेने जवळ बोलावलं.

"फार भला मुलगा आहे गं," ती हळू आवाजात म्हणाली. "कुणाचा?"

"आई, एल्विओ आहे तो."

"छे," आई म्हणाली, आणि हसली. "एल्विओ असा कुठे होता."

आईचं बोलणं मनावर घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नीवेसने खिडकीचा पडदा सारखा केला. स्वयंपाकघरातून भांडी धुतल्याचा आवाज येत होता, एकसारखा आणि नीटनेटका.

५

उन्हाळ्यात बार्बा विजिन आले. बार्बा म्हणजे तिकडे काका. हे नीवेसच्या वडिलांचे धाकटे भाऊ, नव्वदीकडे झुकलेले, पण दर वर्षी एकदा तरी तळघर बघून जाणारच. बघायचं निमित्त, चाखायचं काम. ते मोठ्या पिंपाला पाठ लावून बाकावर बसले आणि नीवेसने काचेच्या नळीने त्याच पिंपातली वाइन काढून त्यांच्या ग्लासात घातली.

त्यांनी ग्लास उजेडाला धरला, हुंगला, घोट घेतला आणि डोळे मिटले.

"तुझ्या बापालाही अशी जमली नव्हती," ते म्हणाले. "काय घातलंस गं हिच्यात?"

"द्राक्षं," नीवेस म्हणाली, आणि बार्बा हसले.

वाइन चांगली होती हे तिलाही ठाऊक होतं. पहिल्यांदा चाखली तेव्हा इतकी चांगली लागली, की ती बेसिनवर जाऊन थुंकली होती आणि नंतर बराच वेळ चूळ भरत राहिली होती.

बार्बा भावाची आठवण सांगत होते. मध्येच, बोलणं न थांबवता, त्यांनी हात मागे नेला आणि बोटांच्या पेरांनी पिंपावर एक ठोका दिला. दोन ठोके आधी येऊन गेले होते. नीवेसने ते ऐकले होते आणि काकांनी ऐकले नसतील अशी आशा धरली होती. पण पिंपांपाशी जन्म गेलेल्या माणसाचा हात त्याला विचारून उठत नाही.

वाक्य अर्धं राहिलं. बार्बांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग ते बाकावरून उठले, वळले आणि पिंपाच्या दाराकडे, पट्टीकडे, वरच्या बुचाकडे बघत राहिले.

"भरलेलं आहे?"

"आत्ताच नाही का काढून दिली तुम्हाला?"

"आत कोण गेलं होतं?"

"एल्विओ."

"बाहेर कोण होतं?"

"मी."

"डोकं घालून हाक मारली होतीस ना?"

"मारली होती," नीवेस म्हणाली.

वर एल्विओ पायऱ्यांवरून विचारत होता, बार्बा जेवायला थांबणार का. आवाजात आपुलकी होती. बार्बांनी ग्लास बाकावर ठेवला, त्यातली उरलेली वाइन तशीच होती. टोपी डोक्यावर घातली आणि जायला निघाले. शेवटच्या पायरीशी उभ्या असलेल्या पुतण्याला त्यांनी भिंतीला चिकटून वाट दिली, जसं आपण अनोळखी माणसाला देतो. जेवायला ते थांबले नाहीत, आणि त्या वर्षी पुन्हा आलेही नाहीत.

६

ऑक्टोबरात द्राक्षं उतरवली. वळिवाच्या गारांनी पीक निम्मं झोडपलं होतं, त्यामुळे एक स्टीलची टाकी रिकामीच राहिली. नोव्हेंबर आला आणि धुकं दरीतून वर चढून अंगणात बसलं.

ठोके आता शुक्रवारची वाट बघत नव्हते. नीवेस तळघरात उतरली की येत. ते भराभर नव्हते. उलट संथ झाले होते, दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत चाललं होतं, आणि दुसरा ठोका इतका हलका येई की तो आला की नाही असा प्रश्न पडे. दमलेला माणूस असा ठोकतो. नीवेसने स्वतः आत राहून असे ठोके दिले होते, लहानपणी, वडील बाहेर असताना.

तिने मनाशी सरळ हिशेब मांडला. माणूस वाइनमध्ये जगत नाही. मार्च ते नोव्हेंबर तर नाहीच. तिचा भाऊ वर आहे, आईची नखं कापतोय. म्हणजे पिंपात कुणी नाही. यात चूक कुठेच नव्हती. फक्त एवढंच, की तो बाहेर येताना तिने पाहिला नव्हता. बाहेर बसलेला पाहिला होता.

या एका गोष्टीपाशी तिचा हिशेब दर वेळी येऊन थांबायचा. डोकं घालून एकदा हाक मारली असती तर ही वेळ आली नसती. आता दार उघडायचं तर सगळी वाइन काढावी लागणार. पण टाकी रिकामी होती, पंप होता, आणि वाइन एका भांड्यातून दुसऱ्यात काढणं हे काही जगावेगळं काम नव्हतं. विचारलंच कुणी तर गाळ काढला म्हणता आलं असतं.

ज्या दिवशी एल्विओ आईला डोळे दाखवायला आल्बाला घेऊन गेला, त्या दिवशी सकाळीच तिने पंप लावला. जाताना एल्विओने आईला कोट घातला, गळ्याशी मफलर गुंडाळला. मग नीवेसकडे वळून म्हणाला, "थंडी आहे. फार वेळ खाली राहू नकोस."

७

पिंप रिकामं व्हायला दुपार झाली. वाइन उतरत होती तसे ठोके खाली सरकत होते. आधी खांद्याच्या उंचीवर, मग कमरेच्या, मग दाराच्या अगदी जवळ. नीवेस दर वेळी उत्तर देत होती. तिला स्वतःचा राग येत होता.

पंपाने हवा ओढायला सुरुवात केली तसा तिने तो बंद केला. दाराखाली टब सरकवला, स्क्रू सैल केला, पट्टी काढली. दार आतल्या बाजूला पडतं, ते हाताने धरून तिरपं करून बाहेर काढावं लागतं. उरलेली वाइन टबात आली, गडद आणि थोडी कोमट. वास असा आला की तिला क्षणभर भिंत धरावी लागली. ती थांबली. वास ओसरू दिला. आत मेणबत्ती धरून पाहिली, ज्योत तग धरून होती. सगळं रीतीप्रमाणे केलं, या वेळी काही सोडलं नाही. मग गुडघे टेकून तिने डोकं आत घातलं आणि टॉर्च फिरवली.

लाकूड स्वच्छ होतं. इतके महिने वाइन राहिलेल्या पिंपाला खडे धरतात, लाकूड जांभळं होतं. इथे पांढुरकं, ताजं घासलेलं लाकूड होतं. ब्रशचे फराटे दिसत होते, आणि ओणव्या माणसाचा हात जिथवर पोचतो तिथवरच होते. त्याच्या वर पिंप जांभळं होतं.

टॉर्चचा उजेड मागच्या भिंतीपर्यंत गेला. तिथे एक पाठ होती. शर्ट अंगाला चिकटलेला, मान खाली. कोपर पुढेमागे होत होतं, आणि ब्रशचा आवाज येत होता, अगदी दमलेला. त्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता, नाकातल्या नाकात, चाल नीट न लागणारा.

"एल्विओ," नीवेसने हाक मारली.

कोपर थांबलं.

"ओ," वरून, पायऱ्यांच्या तोंडाशी, आवाज आला. "आलो आम्ही. डॉक्टरांनी लवकर सोडलं. हाक मारलीस का?"

गाडी आलेली तिने ऐकली नव्हती. तिने डोकं झटक्याने बाहेर काढलं, पण टॉर्चचा हात आतच राहिला, आणि आतून त्या हाताचं मनगट कुणीतरी धरलं. टॉर्च पडली. घट्ट, ओली, गरम पकड होती. ती ओरडली नाही, कारण ती पकड तिला माहीत होती. अशीच मनगटं धरून त्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांना या दारातून बाहेर काढलं होतं. आता फक्त पाय रोवायचे होते आणि ओढायचं होतं.

"ओढ की," आतून आवाज आला. घसा बसलेला होता, आणि चिडलेलाही. "कुठे गेली होतीस, गाढवे?"

नीवेसने पाय रोवले. खांदा दारापर्यंत आल्याचं तिला जाणवलं. वर एल्विओ आईशी बोलत होता, एकेक पायरी चढवत होता, दम लागला का विचारत होता. आई काहीतरी बोलली आणि दोघं हसली. आई अशी हसायची थांबली त्याला किती वर्षं झाली होती, ते नीवेसला आठवेना. खालचा हा माणूस बाहेर आला की खोकेल, शिव्या घालेल, आणि मग टेबलाशी बसून सहीचं बोलेल. तिला त्याची दया आली. तो तिचा भाऊ होता, यात तिला आता तिळभर शंका उरली नव्हती. आणि त्याच क्षणी तिच्या मनात असंही आलं, की आत हवा वाईट असते, वाईट हवेत माणसाला काहीही दिसतं, काहीही ऐकू येतं.

"नीवेस?" वरून पुन्हा विचारणा झाली. "हाक मारलीस का मला?"

"नाही," नीवेस म्हणाली.

पकड सुटेना. तिला एकेक बोट उलगडून काढावं लागलं, आणि करंगळीच्या वेळी काहीतरी मोडल्याचा बारीक आवाज झाला. तिने दार तिरपं करून आत सारलं, ओढून बसवलं, पट्टी लावली, आणि स्क्रूवर सगळं वजन टाकलं. आतून ठोके येऊ लागले, भराभर. तिने पंपाची नळी उलटी जोडली आणि बटण दाबलं. पंपाचा आवाज मोठा असतो. तो चालू असला की तळघरात दुसरं काही ऐकू येत नाही. पिंप काठोकाठ भरेपर्यंत ती बाकावर बसून राहिली.

८

वर दिवे लागले होते. खिडक्यांबाहेर धुकं होतं. आई खुर्चीत होती, गळ्याशी रुमाल बांधलेला, आणि एल्विओ भांड्यातून सूप वाढत होता. नीवेसने हात धुतले, पुन्हा धुतले आणि येऊन बसली.

"झालं काम?" त्याने विचारलं.

"झालं."

ती चमचा घ्यायला हात पुढे करते, तर तिची बाही वर सरकली. मनगटाभोवती पाच बोटांचे वळ उठले होते, काळपट जांभळे. आईचं लक्ष ब्रेडकडे होतं. एल्विओने ते वळ पाहिले. भांडं खाली ठेवून त्याने तिच्या कफाची कड दोन बोटांत धरली आणि बाही हळूच मनगटावर ओढून बसवली, आईचं करतो तितक्याच काळजीने बटणही लावलं. मग त्याने वाडगा तिच्यापुढे सरकवला.

"खाऊन घे," तो म्हणाला. "गरम आहे तोवर."

तिने खाल्लं.